पेशीला उपाशी ठेवण्याची विद्या

भोंगा वाजतो आणि तुम्ही परळमध्ये असता. १९३० साल नुकतंच लागलंय. तुम्ही कुणाला दिसत नाही, तुमचा आवाज कुणाला पोचत नाही. आजचं ज्ञान तेवढं डोक्यात शाबूत आहे आणि या प्रवासात त्याचाच सगळ्यात जास्त जाच होणार आहे.

गिरणगाव जागं झालंय. १९२८चा सहा महिन्यांचा संप अजून घराघरांतल्या कर्जात शिल्लक आहे. पुरुषांच्या लोंढ्यात बायकाही आहेत, बहुतेक जणी वाइंडिंग खात्याकडे चाललेल्या. त्यांतल्या एकीच्या मागे चाला. सातवा महिना असावा. चेहरा पांढराफटक, पावलांवर सूज. चार पायऱ्या चढल्यावर ती कठडा धरून थांबते.

"काय गं, बरं नाय का?" शेजारीण विचारते.

"दम लागतो. बाकी काय नाय."

गरोदरपणात धाप लागणं, रक्त आटणं हे इथे कुणी आजारात धरतच नाही. ती दगावली तर "बाळंतपणात गेली" एवढीच नोंद होईल. गेल्याच वर्षी मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झालाय. त्या विधेयकाची बाजू विधिमंडळात मांडणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. सुट्टीतल्या पैशांची सोय त्यातून होईल. पण या बाईच्या रक्ताला नेमकी कशाची उणीव आहे, हे अजून मुंबईतच काय, जगात कुणालाच माहीत नाही.

तिथून हाफकिन संस्थेकडे वळा. एके काळी या इमारतीत मुंबईचे गव्हर्नर राहत. पुढे इथे प्लेगच्या लशीचं काम चाललं आणि १९२५पासून वास्तूला हाफकिन यांचं नाव आहे. आत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली बाई म्हणजे लुसी विल्स, लंडनहून आलेली, एक्केचाळीस वर्षांची. बाळंतपणात इतक्या बायका का मरतात याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने सुरू झाली, त्या कामासाठी ती इथे आली आहे. ती बाजूला होताच तुम्ही काचेत डोकावा.

तांबड्या पेशी कमी आहेत, पण ज्या आहेत त्या फुगलेल्या, नेहमीपेक्षा मोठ्या. अस्थिमज्जेत याहून विचित्र प्रकार चाललाय. तिथल्या कोवळ्या पेशी वाढल्यात, थोराड झाल्यात, पण त्यांचं केंद्रक कच्चंच राहिलंय. पेशी एकाची दोन व्हायला निघते आणि उंबरठ्यावरच अडून बसते. कारण तुम्हांला ठाऊक आहे. तिच्याकडे डीएनएची नवी प्रत काढायला पुरेसा माल नाही. विल्सना हे कळायचा प्रश्नच नाही. आनुवंशिकता डीएनएत असते याचा पहिला भक्कम पुरावाच मुळी यायचाय १९४४ मध्ये.

त्या आपल्या वाटेने शोध घेतात आणि ती वाट स्वयंपाकघरातून जाते. विल्स आणि तळपदे या दोन नावांनी याच वर्षी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी छापली जाणार आहे. कोणाच्या घरात काय शिजतं, किती शिजतं, बाईच्या ताटात शेवटी काय उरतं, याची ती नोंद. गरीब मुसलमान वस्तीतल्या बायकांत हा पंडुरोग जास्त दिसतो, म्हणून त्यांच्या जेवणासारखंच खाणं उंदरांना घातलं जातं. उंदीर पांढरे पडतात. सगळ्यांना आनंद होतो आणि मग कळतं की उंदरांचं रक्त उवांतून पसरलेल्या जंतूंनी खाल्लंय. इतक्या महिन्यांची मेहनत वाया. मग माकडं आणली जातात. त्यांतल्या एका मरणपंथाला लागलेल्या माकडाला मार्माइट चारलं जातं. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा हा काळा, चिकट, खारट लेप इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड उठून बसतं.

मग तेच बायकांना. आठवड्याभरात कोवळ्या तांबड्या पेशींचा रक्तात लोंढा येतो, चेहऱ्यांवर रंग चढतो. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते विल्स सांगू शकत नाहीत, म्हणून लोक त्याला काही वर्षं 'विल्स घटक' म्हणणार आहेत. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख येईल. तुम्हांला ओरडून सांगावंसं वाटतं, अहो, हे फोलेट आहे, हिरव्या पालेभाजीत असतं! गप्प बसा. परळच्या बाईच्या मज्जेत पाहिलेली ती उपासमार मात्र नीट लक्षात ठेवा. पुढे हीच उपासमार कुणीतरी मुद्दाम घडवून आणणार आहे.

आता सोळा-सतरा वर्षं पुढे. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला पर्ल रिव्हर नावाचं गाव, लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळा. मधल्या काळात टेक्ससमधल्या तिघा संशोधकांनी चार टन पालक दळून त्यातून चिमूटभर द्रव्य काढलं आणि १९४१ मध्ये त्याला फोलिक ॲसिड हे नाव दिलं. इथे १९४५ मध्ये ते रसायनांपासून बनवलं गेलं. ज्याच्या हाताखाली ते बनलं, तो माणूस समोरून येतोय, चेहऱ्यावर तेलुगू मुलखाची सावळी छटा. येल्लाप्रगडा सुब्बाराव, संशोधन संचालक.

या माणसापाशी थांबायला हवं. जन्म भीमावरमचा, १८९५. मद्रासला डॉक्टरी शिकताना शस्त्रक्रियेला खादीचा डगला घालून गेला आणि त्यापायी पूर्ण पदवी न मिळता एलएमएसवर भागवावं लागलं. घरात भाऊ संग्रहणीने गेले. १९२३ मध्ये बोस्टनला पोचला तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं. रात्री इस्पितळात रुग्णांची भांडी धुवायची आणि दिवसा हार्वर्डमध्ये शिकायचं. सायरस फिस्क यांच्याबरोबर त्याने फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत काढली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. शरीराचं ऊर्जाचलन म्हणजे एटीपी. तेही ज्यांनी वेगळं काढून दाखवलं त्यांत हा आहे. हार्वर्डने तरीही कायमची नोकरी दिली नाही. म्हणून १९४०पासून तो इथे आहे. आपल्याकडे हत्तीरोगावर अजून वाटतात ती डायइथिलकार्बामझिनची गोळीही याच प्रयोगशाळेची. आणि भावांना ज्या संग्रहणीने नेलं, तिच्यावर फोलिक ॲसिड हा गुणकारी इलाज निघाला. बनवलं यानेच, पण पंचवीस वर्षं उशिरा.

बोस्टनहून पत्रं येताहेत. मुलांच्या इस्पितळातले विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिडची भावंडं देऊन पाहताहेत. पंडुरोग बरा करणारं औषध, तेव्हा रक्ताच्या कर्करोगावरही चालेल, हा तर्क. झालं उलटंच. आजार भडकल्यासारखा वाटला. मोजक्या मुलांवरून काढलेला हा निष्कर्ष आजच्या कसोटीवर कच्चाच म्हणावा लागेल. पण त्यातून फार्बरनी जो पुढचा प्रश्न विचारला तो अस्सल होता. फोलेटने आग वाढत असेल, तर फोलेट तोडलं तर?

आहारातून ते तोडणं अवघड. म्हणून खोटं फोलेट हवं. लेडर्लेमधल्या डोरिस सीगर आणि त्यांचे सहकारी काय करताहेत ते टेबलाशी जाऊन पाहा. फोलिक ॲसिडच्या टोकाला नायट्रोजन गुंफलेलं जोडकडं असतं. त्या कड्यावर चौथ्या जागी ऑक्सिजन आहे. तो काढून तिथे अमिनो गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन. बाकी रेणू तसाच. पिवळसर भुकटी. नाव अमिनोप्टेरिन.

२८ डिसेंबर १९४७. बोस्टन, मुलांचं इस्पितळ. खाटेवर दोन वर्षांचा मुलगा. प्लीहा सुजून पोट वर आलंय, त्याला उभं राहवत नाही. अशा मुलांसाठी या काळात एकच ठरलेला उपचार आहे: रक्त चढवा, वेदना कमी करा, आईवडिलांना समजवा. फार्बर सुई भरतात. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना हे पसंत नाही. मरणाऱ्या पोरांना सुखाने मरू द्या, प्रयोग कसले करता, असं त्यांचं म्हणणं आणि ते अगदीच हृदयशून्य नव्हतं. आजच्यासारखी नैतिक समिती, लेखी संमती, यांतलं काही तेव्हा नव्हतं. मी त्या वॉर्डात निवासी डॉक्टर असतो तर बहुधा त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

औषध शिरेत गेलंय. तुम्हीही जा. इथून पुढे तुमचा आकार रेणूएवढा.

रक्तातून मज्जेत, मज्जेतून एका रोगट पांढऱ्या पेशीत. ही पेशी आता दोन व्हायला निघाली आहे. तिला सहा अब्जांहून अधिक अक्षरजोड्यांच्या डीएनएची नक्कल काही तासांत उतरवायची आहे. चार अक्षरांतलं एक थायमिन. नक्कल पुरी व्हायला साडेतीन अब्जांहून जास्त थायमिन लागतील आणि पेशीच्या कोठारात त्यांचा साठा जवळपास नाहीच. जसं लागेल तसं बनवायचं.

बनवण्याची जागा पाहा. थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम युरॅसिलचा तुकडा धरतं आणि त्याला एक कार्बन जोडतं. बस, युरॅसिलचं थायमिन झालं. हा कार्बन येतो फोलेटच्या पाठीवरून, टेट्राहायड्रोफोलेट या त्याच्या पूर्ण क्षपित रूपाच्या पाठीवरून. पण इथे एक खोच आहे. दुसऱ्या कामांत फोलेट कार्बन देतं आणि तसंच्या तसं परत जातं. थायमिनच्या कामात मात्र त्याला कार्बनाबरोबर स्वतःचे हायड्रोजनही द्यावे लागतात. काम झाल्यावर ते डायहायड्रोफोलेट होऊन बाहेर पडतं, दोन हायड्रोजनांनी गरीब आणि पुढच्या फेरीला निकामी. एक थायमिन, एक निकामी फोलेट. हा हिशेब अब्जावधी वेळा.

मघाशी परळमध्ये वाइंडिंग खात्याकडे जाणाऱ्या बायका पाहिल्यात ना? साच्यावर विणणाऱ्याच्या धोट्यातली बॉबिन रिकामी झाली की ती पुन्हा सूत भरून देणाऱ्या त्या. त्या थांबल्या तर साचे शाबूत असून, वीज असून, विणकर हजर असून कापड थांबतं. पेशीतल्या या वाइंडिंग खात्याचं नाव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. लांबलचक आहे, म्हणून रसायनवाले डीएचएफआर म्हणतात. आपणही तेच म्हणू.

जवळ जा. एन्झाइमांच्या मानाने डीएचएफआर लहानखुरंच, एकशेऐंशीच्या वर थोडी अमिनो आम्लं. मध्ये एक खोल खाच. खाचेच्या एका बाजूला एनएडीपीएच हा हायड्रोजन देणारा रेणू बसलेला. दुसऱ्या बाजूने डायहायड्रोफोलेट आपलं जोडकडं आत घालतं. हायड्रोजन इकडून तिकडे जातो, टेट्राहायड्रोफोलेट बाहेर पडतं आणि पुढचं आत येतं. सगळं क्षणाच्या एका अंशात.

आता अमिनोप्टेरिन येतंय. शेपूट तीच, मधला भाग तोच, म्हणून पेशीने त्याला फोलेट समजूनच आत घेतलं. ते खाचेशी येतं आणि तुम्हांला वाटतं की आता हे खऱ्यासारखंच बसणार. तसं होत नाही. त्याचं जोडकडं गिरकी घेतं आणि उलटं होऊन आत शिरतं. चौथ्या जागी बसवलेल्या त्या अमिनो गटामुळे कड्यावरचा पहिल्या जागेचा नायट्रोजन प्रोटॉन पकडून ठेवतो, त्याच्यावर धन भार येतो आणि खाचेच्या तळाशी ऋण भाराचं ग्लुटामिक ॲसिड वाटच पाहत असतं. दोघांची घट्ट जोडी जमते. खऱ्या फोलेटपेक्षा ही पकड हजारो पटींनी जास्त. खरा रेणू काम झालं की निघून जातो. हा बसतो तो उठतच नाही. हायड्रोजन घेत नाही आणि जागाही सोडत नाही.

पेशीतल्या एकेका डीएचएफआरच्या खाचेत असा एकेक रेणू जाऊन बसतो. ते सगळेच्या सगळे अडकावे लागतात, थोडे मोकळे राहिले तरी काम रडतखडत चालू राहतं. म्हणून मात्रा महत्त्वाची. वर पेशी स्वतःच्याच सवयीने फसते. फोलेट बाहेर निसटू नये म्हणून ती त्याच्या शेपटीला आणखी ग्लुटामेट जोडत असते. या औषधालाही ती इमानेइतबारे तशीच शेपूट जोडते आणि विष आत कोंडून घेते.

थोड्याच वेळात टेट्राहायड्रोफोलेट संपतं. थायमिन बनत नाही. ॲडेनिन आणि ग्वानिनची कच्ची कडी बांधायलाही फोलेटच लागतं, तीही अडतात. नक्कल करणारं डीएनए पॉलिमरेज थायमिनच्या जागी नाइलाजाने युरॅसिल लावून पुढे जातं. दुरुस्तीवाली एन्झाइमं ते चुकीचं अक्षर कापून काढतात. पॉलिमरेज पुन्हा युरॅसिल लावतं, पुन्हा कापाकापी. काप जवळजवळ आले की धागाच तुटतो. पेशी मरते. आजूबाजूच्या रोगट पेशीही याच मार्गाने जाताहेत, कारण त्या सारख्या दोन व्हायच्या घाईत आहेत. जी पेशी निवांत बसली आहे तिला या घटकेला थायमिन नको आहे, म्हणून ती तगते. औषधाला कर्करोग ओळखता येत नाही. त्याला कळते ती फक्त घाई.

आणि घाई निरोगी पेशींनाही असते. तोंडाचं अस्तर, आतडं, केसांची मुळं, मज्जा. तुम्ही बाहेर येऊन पाहाल तर औषध घेणाऱ्या मुलांना तोंड येतं, गिळवत नाही. त्यांची मज्जा काचेखाली धरा. थोराड पेशी, कच्चं केंद्रक. परळच्या बाईला ताटातल्या उणिवेने जे झालं, तेच इथे सुईतून घडवलंय. माझ्या मते या औषधाची सगळी गोष्ट या दोन काचपट्ट्यांत आहे. किमोथेरपीचा जनक म्हणून फार्बरांचं नाव घेतात ते ठीक, पण नुसतं तेवढंच घेतलं की वंशावळ अर्धी राहते. भुकेने मज्जेचं काय होतं हे आधी मुंबईच्या गरोदर बायकांनी दाखवलं, मग सुब्बारावांच्या लोकांनी ती भूक बाटलीत भरली.

त्या मुलाचे पांढऱ्या पेशींचे आकडे उतरले, प्लीहा आकसली, तो चालायला लागला. ३ जून १९४८च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फार्बरांनी लिहिलं की सोळा मुलांपैकी दहांना गुण आला. शीर्षकातच त्यांनी 'तात्पुरता' उतार असं म्हटलं आणि हा प्रामाणिकपणा नोंदवण्याजोगा आहे. काही महिन्यांत आजार परतला. मुलगा त्याच वर्षी गेला. सुब्बारावही गेले, ऑगस्ट १९४८ मध्ये, झोपेत, त्रेपन्नाव्या वर्षी.

थोडं भराभर चला. अमिनोप्टेरिनवर आणखी एका जागी मिथाइल गट बसवून मेथोट्रेक्सेट झालं. ते वापरायला अधिक सोयीचं निघालं आणि तेच टिकलं. १९५६, बेथेस्डा. मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ कोरिओकार्सिनोमा झालेल्या बायकांना ते देताहेत. हा वारेच्या पेशींतून उठणारा कर्करोग फुप्फुसांत पसरला की काही महिन्यांत बाई जायची. क्ष-किरण चित्रातल्या गाठी विरघळतात. सगळे म्हणतात, आता थांबा. ली थांबत नाहीत. गाठ दिसेनाशी झाली तरी रक्तात-लघवीत गरोदरपणाचं एचसीजी संप्रेरक अजून सापडतंय, म्हणजे पेशी कुठेतरी आहेत, असं त्यांचं म्हणणं. रुग्ण धडधाकट दिसत असताना विष देत राहतो म्हणून त्यांची नोकरी गेली. पण त्यांच्या रुग्ण बायका बऱ्या झाल्या आणि पुन्हा आजारी पडल्या नाहीत. पसरलेली घन गाठ केवळ औषधाने कायमची बरी होण्याची ही पहिली वेळ. १९७२ मध्ये लास्कर पुरस्कार देताना लींना त्यांत धरलं गेलं.

आणि गंमत पाहा, ली यांच्या रुग्ण बायका बऱ्या होत होत्या तेव्हाही हे औषध नेमकं कशावर बसतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं! ते कळलं १९५८ मध्ये, सिॲटलला. फ्रँक ह्युनेकेन्स यांच्या प्रयोगशाळेत मेरी जेन ऑसबोर्न या विद्यार्थिनीने डायहायड्रोफोलेट क्षपित करणाऱ्या एन्झाइमवर काम केलं आणि फोलेटचे हे शत्रू त्यालाच अडवतात हे दाखवलं. मुलांना औषध टोचून तोवर दहा वर्षं झाली होती. मघाशी तुम्ही आत जाऊन जी उलटी गिरकी पाहिलीत, ती दिसायला तर १९७७ उजाडावं लागलं. सॅन डिएगोत जोसेफ क्राउट आणि डेव्हिड मॅथ्यूज यांनी जिवाणूच्या डीएचएफआरमध्ये मेथोट्रेक्सेट अडकलेल्या स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा.

पेशीला उपाशी ठेवण्याच्या या विद्येच्या आणखीही आवृत्त्या निघाल्या. १९५७ मध्ये विस्कॉन्सिनला चार्ल्स हायडेलबर्गर यांनी काढलेलं औषध डीएचएफआर सोडून थेट थायमिडिलेट सिंथेजवर घाव घालतं. युरॅसिलवरच्या एका हायड्रोजनऐवजी फ्लोरिन. एन्झाइम तो तुकडा धरतं, कार्बन जोडायला जातं, फ्लोरिन काही निघत नाही आणि हात तिथेच चिकटून राहतो. हे ५-फ्लोरोयुरॅसिल आज आतड्याच्या कर्करोगात रोजच्या वापरातलं आहे. न्यू यॉर्कजवळ टकाहोला गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन दिलं. मुलांच्या ल्युकेमियात ते अजूनही मेथोट्रेक्सेटच्या जोडीने चालतं. त्यांच्याच घरातलं ट्रायमेथोप्रिम जिवाणूंच्या डीएचएफआरला हजारो पटींनी घट्ट धरतं आणि माणसाच्या डीएचएफआरला जवळपास सोडून देतं. आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून पिढ्यान्पिढ्या लोकांनी जी गोळी घेतली, तिच्यातल्या दोन औषधांपैकी एक हे. एकच एन्झाइम, पण खाचेतला लहानसा फरक ओळखता आला की कर्करोगाचं विष जंतूंवरचं साधं औषध होतं. १९८८च्या नोबेलमध्ये एलियन आणि हिचिंग्ज दोघेही होते.

कर्करोग मात्र बसून राहत नाही. १९७८, स्टॅनफर्ड. रॉबर्ट शिम्के यांच्या पेट्री डिशांत पेशी मेथोट्रेक्सेटची वाढती मात्रा पचवून जगताहेत. कशा? त्यांनी डीएचएफआरच्या जनुकाच्या शेकडो प्रती काढून ठेवल्यात. एका खात्याच्या जागी शेकडो खाती. औषध अडवून अडवून किती अडवणार? 'तात्पुरता' या शब्दामागची एक गोष्ट ही.

म्हणूनच मुलांच्या ल्युकेमियात आज एकाच औषधावर कुणी विसंबत नाही, वेगवेगळ्या जागी घाव घालणारी औषधं एकत्र देतात. मेथोट्रेक्सेट तिथे कधी ग्रॅमांच्या मापाने दिलं जातं. ही मात्रा जीवघेणी असते आणि रुग्ण वाचतो तो ठरलेल्या तासाला उतारा देतात म्हणून. उतारा म्हणजे फोलिनिक ॲसिड. फोलिक आणि फोलिनिक, नावात एका अक्षराचा फरक. फोलिक ॲसिड कामाला यायला डीएचएफआर लागतं आणि ते तर अडकलेलं. फोलिनिक ॲसिड आधीच क्षपित आहे, ते त्या खात्याला वळसा घालून पुढे जातं.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये याच्या अगदी उलट टोकाचा वापर झाला. तोंडा-घशाचा परतलेला, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग, आपल्या तंबाखूखाऊ मुलखाचा नेहमीचा पाहुणा. शिरेतून सिस्प्लॅटिन की मेथोट्रेक्सेटच्या लहान साप्ताहिक गोळ्या आणि सेलेकॉक्सिब, अशी ४२२ रुग्णांत तुलना केली आणि २०२० मध्ये ती लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आली. मध्यक आयुर्मान गोळ्यांवर साडेसात महिने, सिस्प्लॅटिनवर सहा महिने आणि थोडे दिवस. इतक्या लहान मात्रेत गाठीच्या रक्तवाहिन्यांवर आणि शरीराच्या प्रतिकारावर होणारा परिणाम महत्त्वाचा मानतात. दीड महिना म्हणजे फार नव्हे. पण स्वस्त गोळी घरी घेऊन मिळालेला दीड महिना आहे तो, आणि अशी चाचणी कुठली परदेशी कंपनी आपल्यासाठी करणार नव्हती.

आता तुमच्या वर्तमानात या. मेथोट्रेक्सेट आज सगळ्यात जास्त घरांत असतं ते कर्करोगासाठी नव्हे, संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी. मात्रा साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि ती आठवड्यातून एकदा. रोज नाही. इतर सगळ्या गोळ्या रोज घेणाऱ्या घरात हीही रोज घेतली जाते, कधी चिठ्ठी नीट न वाचल्याने, कधी फोलिक ॲसिडच्या गोळीशी अदलाबदल झाल्याने. काही दिवसांत तोंडाला फोड येतात, मज्जा थांबते आणि माणसं यात दगावतात. त्यामुळे घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, सोमवार म्हणजे सोमवार. गरोदर बाईने ती घेऊ नये आणि मूल हवं असणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावं, गर्भाच्या पेशींएवढी घाई कुणालाच नसते. आणि चुकून जास्त गेलीच तर घरातलं फोलिक ॲसिड देऊन वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, मेथोट्रेक्सेट हे नाव आणि किती दिवस घेतली ते सांगा. तिथे फोलिनिक ॲसिड मिळतं, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकं ते उपयोगी पडतं.